स्लेटनांच्या कुरणातला खळगा

लार्च हिल, मिनेसोटा
११ मार्च १९७४

प्रिय हाल्वरदादा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सामन माशाचे सहा डबे एकाच दिवशी पोचले. डबे आधी उघडले, पत्र नंतर. राग मानू नकोस. गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं, पण एकोणसाठाव्या वर्षी होडीखाली उताणं झोपून डांबर फासत बसलास तर गुडघे काय टाळ्या वाजवतील?

इकडे बर्फ अजून कुंपणाच्या निम्म्यापर्यंत आहे. मी नगर नियोजन समितीवर आहेच. सात जणांत बाई मी एकटी, त्यामुळे कॉफी मीच करावी असा पहिल्या वर्षी सगळ्यांचा समज होता. एकदाच केली, आणि अशी केली की नंतर कुणी नाव काढलं नाही.

सध्या आमच्यापुढे स्लेटनांच्या कुरणाचा विषय आहे. म्हाताऱ्या गुड्रुन स्लेटननं ते सेंट पॉलच्या ड्वेन कोपिशला विकलं. त्याला तिथं बेचाळीस घरांची वस्ती आखायची आहे. नियमाप्रमाणे दहावा हिस्सा जमीन त्यानं बागेसाठी गावाला द्यायची. देतोय, पण कुठली? तळातला खळगा, जिथं घर बांधताच येत नाही. आमचे अध्यक्ष मर्ल हागेन, तुझ्या वर्गातला मर्ल, आता लोण्याच्या कारखान्याचा मॅनेजर, तो म्हणाला की फुकटच्या घोड्याचे दात मोजू नयेत म्हणतात, पण कोपिशच्या घोड्याचे तो मोजणारच. मला मात्र जागा बरी वाटते. घसरगाडीला उतार आहे, हेझलची झुडपं आहेत. आपल्याला तिथं जायची बंदी का होती रे? मला वाटतं आपली बहीण सिग्ने नदीत बुडाल्यावर आईला प्रत्येक खड्ड्याची धास्ती बसली.

लोभ आहेच, डब्यांमुळे थोडा वाढला आहे.

तुझी,
टोरा


एस्टोरिया, ओरेगन
१९ मार्च

चि. टोरास,
अ. आ.

खळगा घेऊ नका. कोपिशकडून वरचा सपाट तुकडा मागा, अक्रोडाच्या झाडांचा. बंदी सिग्ने जायच्या आधीपासून होती, तू लहान होतीस. तू स्वतः तिथं उतरू नकोस.

गुडघे ठीक आहेत.

हाल्वर


लार्च हिल
२ एप्रिल

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

कारण न सांगता हुकूम सोडायची सवय तू वडिलांकडून उचललीस. समितीत मला कारण द्यावं लागतं, इतिवृत्तात लिहिता येईल असं. म्हणून शनिवारी आम्ही स्थळपाहणीला गेलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन. आम्ही सात जण आणि लिपिक बर्निस टोफ्ट. हातमोज्यांत लिहिता येत नाही म्हणून ती गळ्यात टेपरेकॉर्डर अडकवून आली होती. कोपिश पातळ बुटांत आला होता, तो वर मोटारीपाशीच थांबला. खळग्यात उतरलो तसा वारा बंद झाला. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजही बंद झाला, कुणी दार लोटून घ्यावं तसा. मर्ल पावलांनी उतार मोजत होता.

त्यापुढचं मला आठवतं ते एकदम मोटारीच्या भोंग्याचं. भानावर येऊन पाहते तर आम्ही आठही जण एकामागे एक तळातल्या झुडपांकडे निघालेलो, आणि सगळ्यांच्या पुढे मी. माझा एक पाय पोकळ बर्फावर होता, खालून गार वाफ येत होती. वर आल्यावर कोपिश हसत विचारत होता की बदकांसारखे रांगेनं कुठं निघाला होतात. मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, मी पाचदा भोंगा वाजवला, पहिल्या चारांना तुमच्यातल्या कुणी मानसुद्धा वळवली नाही. आम्हाला एकच ऐकू आला होता.

सोमवारी कचेरीत टेप लावली. आमच्या अंदाजानं आम्ही खाली पाच मिनिटं होतो. टेप वीस मिनिटांची आहे. आधी मर्ल मापं सांगतो. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग मर्ल म्हणतो, हो आई, आलो. नॉर्वेजियनमध्ये! त्याची आई गेल्यापासून त्यानं त्या भाषेत शब्द काढलेला नाही. मग बाकीचे एकेक करून ओ देतात, ज्याच्या त्याच्या घरच्या बोलीत, लहान मुलं देतात तशी. बर्निससुद्धा. हाक कुठंच नाही, दादा. नुसती आमची ओ.

सगळ्यात शेवटी मी आहे. मी म्हणते, आले आई, सिग्नेला घेऊन येते.

मला यातलं काहीही आठवत नाही. सिग्ने नदीत गेली. मग मी तिथं तिचं नाव का घेतलं? मर्लनं टेप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. सात मेला जाहीर सुनावणी आहे. आता तरी कारण सांग.

टोरा


एस्टोरिया
९ एप्रिल

चि. टोरास,
अ. आ.

सिग्ने नदीत गेली नाही.

ऑगस्ट एकोणीसशे सत्तावीस. आई तुला घेऊन चर्चच्या तळघरात बायकांच्या शिवणवर्गाला गेली होती. मी बारा वर्षांचा, सिग्ने पाच. बंदी होती म्हणूनच मी तिला खळग्यात नेलं, हेझलनट काढायला. फ्रॉकची ओटी भरत आली होती. तेवढ्यात आईनं हाक मारली, जेवायला बोलावताना मारायची तशी, नाव लांबवून. आवाज घराकडून आला नाही. तळातून आला.

आई गावात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. सिग्नेलाही सांगितलेलं होतं, पण पाच वर्षांच्या पोरीला आईचा आवाज म्हणजे आई. मी वर पळालो. ती मागे येतेय असं वाटलं. कडेवर पोचून पाहिलं तर ती उलट दिशेनं, खाली चालली होती. आले, असं म्हणाली. झुडपं हलली आणि थांबली. मी तिला हाक मारली नाही. परत उतरलो नाही.

घरी सांगितलं की आम्ही नदीवर होतो. तिथं जायला परवानगी होती. एका माराची भीती होती, टोरा, एवढंच. गावानं तिला शोधायला नऊ दिवस नदीत गळ टाकले. आई पुढं एकोणीस वर्षं, मरेपर्यंत, दर रविवारी नदीकाठी जाऊन उभी राहायची. मी तिला एकदाही सांगितलं नाही की आई, तू चुकीच्या जागी उभी आहेस. म्हणून मी गाव सोडलं. गाव लहान होतं वगैरे सगळ्या थापा.

हे पत्र सुनावणीत वाचून दाखव. माझ्या नावासकट. इतिवृत्तात जाऊ दे.

लोभ मागायचा मला हक्क नाही.

हाल्वर


लार्च हिल
१० मे

दादा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते टपालानं पाठवण्यासारखं नव्हतं. आईचे ओले बूट दर रविवारी मी पुसायची. त्याबद्दल आत्ता इतकंच.

मंगळवारी सुनावणी झाली. दालन खच्चून भरलं होतं. नियम असा की प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि बर्निस अंडी उकडायचं घड्याळ लावून बसते. मी अध्यक्षांच्या परवानगीनं तुझं पत्र वाचलं. घड्याळ वाजलं तेव्हा नदीत गळ टाकण्यापाशी आले होते. बर्निसनं ते वाजतं तसं हातानं झाकलं आणि पुढं वाच म्हणाली.

वाचून झाल्यावर मागे कुणीतरी हसलं. मग गुड्रुन स्लेटन काठी टेकत उठली. तिनं सांगितलं की लग्न होऊन आल्यापासून ती गाई बाहेरच्या वाटेनं नेत आली. तिच्या नवऱ्यानं तीनदा तिथं काटेरी तार लावली, का ते तिला कधी सांगितलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही की तिला आधीपासून माहीत आहे. कोपिशला जमीन विकताना मात्र बोलायला हवं होतं, हे ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिच्यानंतर पोस्टमन उठला. मग शाळेचा जुना शिपाई. एकेक जण तीन-तीन मिनिटं. आपल्याला एकट्यालाच ते ऐकू आलं होतं असं प्रत्येकाला वाटत होतं रे. पन्नास वर्षं गावानं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली.

कोपिशनं आपला नकाशा गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी नवा आणला. अक्रोडाची झाडं आता बागेत आहेत. बर्निसनं इतिवृत्तात लिहिलं: भूगर्भीय कारणास्तव खळगा उद्यानास अयोग्य. ते खोटंही नाही. सरकारी भूगर्भवाला आला होता. झुडपांखाली चुनखडीतलं विवर आहे. त्यानं दोनशे फूट दोरी सोडली, तळ लागला नाही. माणूस उतरवता येणार नाही, कडा ढासळत्या आहेत. दगडांनी भरून टाका असा त्याचा सल्ला आहे. तोवर कुंपण घातलंय.

तू जूनमध्ये ये. तुझ्यावर ओरडायचं आहे, आणि ते समोरासमोर बरं. खोली तयार ठेवते.

टोरा


एस्टोरिया
१ जुलै

चि. टोरास,
अ. आ.

सुखरूप पोचलो. दहा दिवस तू मला ओरडून, जेवू घालून, पुन्हा ओरडून घेतलंस. त्याचे उपकार मानतो. आईच्या थडग्याच्या दगडावर सिग्नेचं नाव कोरून घेतलंस तेही पाहिलं.

शेवटच्या दुपारी मी न्हाव्याकडे जातो म्हणालो, तिथं गेलो नव्हतो. कुंपणाबाहेर उभा होतो, आत पाऊल टाकलं नाही. अर्धा तास उभा राहिलो. गावातल्या सगळ्यांना हाक येते. मला आली नाही. आईनं मला हाक मारली नाही, आणि मारावी तरी का? मग मीच मारली. त्या दिवशी मारायला हवी होती ती. सिग्ने, अगं इकडे, वर ये, म्हणालो.

खालून ओ आली. आले रे दादा. तोच गळा.

पुन्हा मारली. पुन्हा आली, थोडी जवळून.

ती येते आहे, टोरा. सत्तेचाळीस वर्षं खाली होती, सावकाशच येणार. समितीत तुझं मत आहे. खळगा भरू देऊ नकोस. माझं तुझ्याकडे आयुष्यात दुसरं मागणं नाही.

तुझा,
हाल्वर


लार्च हिल
१७ ऑगस्ट

प्रिय हाल्वरदादा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मी दीड महिना पर्समध्ये घेऊन फिरले. मंगळवारी विषय निघाला. तिघं म्हणाले कुंपण पुरे आहे, तिघं म्हणाले भरा. मर्लनं माझ्याकडे पाहिलं. मी भरा म्हणाले.

आता ऐक. त्या दिवशी तळातून आईचा आवाज आला आणि आई तिथं नव्हती. हे तूच लिहिलंस. आईच्या आवाजात आई नव्हती, मग सिग्नेच्या आवाजात सिग्ने कशावरून? आणि ती असेलच, तर इतक्या वर्षांनी ती वर यावी की तिला स्वस्थ पडू द्यावं? हे मी रोज स्वतःला विचारलं. तरी हात वर केला. तुला गमावण्यापेक्षा तुझा राग परवडला.

गुरुवारी ट्रक आले. आधी पाद्रीबाबांनी सिग्नेसाठी प्रार्थना म्हटली, तिचं पूर्ण नाव घेऊन. अर्धं गाव आलं होतं, गुड्रुन खुर्ची टाकून बसली होती. सिग्नेला हाक मारावी असं मला इतकं वाटलं की तोंडावर दोन्ही हात दाबून उभी राहिले. मर्ल शेजारी होता, त्यानंही तोंड दाबलं होतं. खाणीतल्या चुनखडीच्या चव्वेचाळीस खेपा झाल्या. चाळिसाव्यापर्यंत दगड पडल्याचा आवाजच येत नव्हता. मग यायला लागला. शेवटचा ट्रक गेल्यावर आम्ही खळग्यात उतरलो, आणि हमरस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. वाराही होता. कुणीतरी शिंकलं. साधी जागा झाली होती ती.

या खेपेला लोभ असावा असं लिहायला मी धजत नाही. पत्र मात्र असावं.

टोरा


एस्टोरिया
२४ ऑगस्ट

चि. टोरास,
अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बॅग भरून दारात उभा होतो. तिकडेच निघालो होतो. वाचलं आणि पायरीवर बसलो. तुला काय काय बोललो ते लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलं असेल.

संध्याकाळी बॅग उघडली. बसचं तिकीट जायचं तेवढंच काढलं होतं. कपडा एक नव्हता. दोराचं भेंडोळं होतं, साठ वाव, म्हणजे तीनशे साठ फूट. आणि त्याखाली लोकरीचा एक निळा कोट, नवा, पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा. तो मी कुठल्या दुकानातून, कधी आणला, मला आठवत नाही, टोरा. खूप आठवून पाहिलं.

मी उतरलो असतो.

दोर धक्क्यावर परत ठेवला. कोट चर्चमध्ये देऊन आलो, पावती मागितली नाही. महिनाभर मी तुझ्यावर रागावलेला राहणार आहे, तेवढं चालवून घे. मग लिहीन, डबेही पाठवीन. तोवर तुझा माझ्यावर जेवढा उरला असेल तेवढा लोभ जपून ठेव.

तुझा भाऊ,
हाल्वर