शिवप्पांची सात घोड्यांची मोटार

सोलापूर, वैशाख शु. पंचमी, इ.स. १९३४

माझ्या एका थट्टेपायी शिवप्पांच्या गिरिजेचं ठरलेलं लग्न मोडलं.

जावयाला द्यायची जुनी मोटार त्यांनी पाहुण्यांपुढं सुरू केली. "सात घोड्यांची ताकद! अकलूजपर्यंत मधे थांबत न्हाय!"

आत ठकठक. मी मोटारी दुरुस्त करणारा. माझा कान आजवर चुकलेला नाही. सगळ्यांदेखत हसून म्हणालो, "बेअरिंग गेलंय की, शिवप्पा! इंजिनात ज्वारी कांडताय व्हय?"

पाहुणे खदखदले. मग व्याही उठले. "गाडी अशी, तर पोरगी कशी असंल?" गिरिजा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

ती ठकठक अजून डोक्यात आहे. गप्प बसलो असतो तर?

संध्याकाळी शिवप्पा मोटार घेऊन आले. "आता नीट तरी करा." इंजिन उघडलं, बेअरिंग ठणठणीत. जोडून पुन्हा सुरू केलं, तर ठकठक सीटखालून! सीट उचलली. खाली पूजेचा नारळ पत्र्यावर आपटत होता.