पुढे पाठवलेलं बाळ

ता. १९, दुपार

धाकटे,

तुला आशीर्वाद. मी ठणठणीत. वडील खोकतात, पण सिगारेट सोडत नाहीत. मग खोकू देत.

बाळंतपणाला येते म्हणतेस. येऊ नकोस. तिथल्याच दवाखान्यात नाव घाल. जावई कुरकुरला तर मला कळव, बघते त्याच्याकडे.

रुसू नकोस. तुझी खोली झाडून ठेवलीय. हाताला सवय, दुसरं काय.

ताईचं विचारलंस. ताई दोन घास खाते. दूध आटावं म्हणून छाती बांधलीय, ठणकते म्हणते.

आता कळलंच असेल तुला. मला आडून आडून लिहिता येत नाही.

मुलगा होता. वेळेआधी आला, एवढासा, धाप लागलेला. आपल्या दवाखान्यातली ऊब द्यायची काचेची पेटी चालू होती, रिकामी होती. मी म्हटलं, ठेवा की त्यात. नर्स म्हणाली, जिल्ह्याच्या इस्पितळात न्या. मी म्हटलं, अगं, वाटेत टिकायचं नाही ते. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"आजी, इथे गेलं तर आमच्या नावावर पडतं."

मोठे साहेब म्हणे शाबासकी देऊन गेलेत, सगळ्यात कमी बाळं इथे दगावतात म्हणून. दगावतील कशी? आधीच बाहेर काढतात.

गाडीत ताई आडवी, बाळ माझ्या शालीत. पुलाच्या अलीकडेच गार पडलं. ताई विचारत होती, हलतंय का गं? मी म्हटलं, झोपलंय, तू गप पड. पोचेपर्यंत तेच म्हणत राहिले. तिथल्या डॉक्टरने बोट लावलं न लावलं, म्हणाला, हे वाटेतच गेलंय, आमच्यात धरत नाही. म्हणजे इथलं नाही आणि तिथलंही नाही. परतताना ड्रायव्हर म्हणाला, मावशी, अशी किती नेली मी, कुणी विचारत नाही.

ताई माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली.

"सांगितलं असतंस तर मी त्याला जवळ घेतलं असतं. अंग कोमट असेल तोवर."



तिथेही धड सोय नाही लिहितेस. मग मला काही सुचत नाही, पोरी. पण इकडे फिरकू नकोस. दारात उभी राहिलीस तरी आत घेणार नाही.

तुझी,
आईच