हिरव्या ठिपक्याची राखण

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ८
कृषी केंद्रातून फुकट डायरी आली. माहा पोरगा संघदीप दरवर्षी कोरीच ठेवते. औंदा मी घेतली. विहारातल्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकली ती काय फक्त बसची पाटी वाचाले? कोणाले दाखवाची नाही.

कामाचं लिहिते. नात नीलिमा अठी मेडशीत घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. शाळांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर आहे, त्यात शाळावाले अडकले की ही लिहून सोडवते. तीन महिने पाहतात, मंग कायम करतात नाहीतर काढतात. निकाल ३० तारखेले. काढलं तर पुण्याले मावशीकडं जाईन अन् तठीच दुसरं काम पाहीन, म्हणते.

मले तिची गरज आहे असं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवसातून चार वेळा डोळ्यात ड्रॉप टाकाले कोणी पायजे, एवढंच.

संकल्प: पोरीले कायम करून दाखवीन. बावीस वर्षं मी निंदणाची टोळी चालवली. पंचवीस बाया, मी मुकादमीन. माहे कायदे तीनच. मालक धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा असला की पाठ वाकलेली दिसली पायजे. येणं जमत नसलं तर बदलीची बाई पाठवाची, जागा रिकामी नको. अन् खोटारडी बाई टोळीत नको. कंपनीत याहून वेगळं काय असन?

७ जानेवारी
ऑफिस पक्कं केलं. शिलाई मशीनवर लॅपटॉप, मागं धुतलेली चादर. टीव्ही बंद. कोंबडा टोपल्याखाली.
दहाची मिटिंग सुरू झाली अन् शेजारची तुळसाबाई विरजण मागाले आली. मी दारातूनच ओरडली, चूप! मिटिंग सुरू आहे!
नीलिमा मंग म्हणे, आजी, तुळसाबाईचा आवाज नाही गेला, तुहा गेला. सगळे हसले.
हसले तर हसले. घरात शिस्त आहे हे तर कळलं.

८ जानेवारी
मिटिंग चालू असतानी लॅपटॉपात मागून पायलं. आठ चौकटी, आठ जणांची आठ घरं. यातली मुकादमीन कोण, नीलिमाले विचारलं. ती म्हणे, राखी मॅडम, नाशिकले, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून. मालक? तो बी त्याच्या घरी. मंग काम होते का नाही हे पाहते कोण?

नीलिमा म्हणे, कोणीच नाही. संध्याकाळी तीन ओळी लिहाच्या. काय झालं, काय राहिलं, कुठं अडलं. मधात उठाचं असलं तर 'मी नाही' लिहून उठाचं. बाकी विश्वासावर.

विश्वासावर! असा मालक अजून जन्माले याचा आहे.

दुपारी खरं सापडलं. नावापाशी एक हिरवा ठिपका आहे. पोरगी जेवाले उठली अन् थोड्या वेळानं तो पिवळा पडला. म्हणजे धुरा हाच. अठूनच पाहतात. पोरीले कळत नाही. बीए झाली म्हणून काय झालं.

१२ जानेवारी
ती जेवते, मी माऊस हलवते. ती आंघोळीले, मी माऊस हलवते. ठिपका दिवसभर हिरवागार. तिले सांगतलं नाही. उपकार बोलून दाखवला की त्याचा मान जाते.

लॅपटॉपले कुलूप पडलं तरी मले उघडता येते. पासवर्ड टाकतानी पायला. माहंच नाव, भागिरथा, मागं चार आकडे. जन्मात कोण्या सातबाऱ्यावर माहं नाव आलं नाही, अठी आलं.

१६ जानेवारी
तुळसाबाईच्या नवऱ्यानं, जगदेवनं, तूर काढाले मशीन लावलं. भिंती धडधडून राह्यल्या. नीलिमानं ग्रुपवर लिहिलं, मशीनचा आवाज आहे, दोन तास मी नाही, संध्याकाळी भरून काढते. अन् चालली गेली वावरात, तिच्या मायले हातभार लावाले.

बाईनं आपल्याच तोंडानं मुकादमाले सांगाचं, मी निंबाखाली सावलीत बसाले चालली! अशी अक्कल.

दोन तास माऊस हलवला. मनगट आखडलं, भुस्सा डोळ्यात गेला. पण ठिपका हिरवा. वाचवली पोरीले.

१९ जानेवारी
उद्या वाशिमले डोळा दाखवाचा. नीलिमा संग येते. दुपारपर्यंत सुट्टी मागितली, मॅडम लगेच हो म्हणे. हो कोणी बी म्हणते. रिकामी जागा निकालाच्या दिवशी आठवते. अकरा दिवस राह्यले.

कायदा दुसरा. बदलीची बाई. तुळसाबाईले बोलावून शिकवलं. तिले अक्षर येत नाही, पण माऊसले अक्षर लागत नाही. कुलूप मी निघाच्या आधी उघडून ठेवीन.
तुळसाबाई म्हणे, काही वाजलं तर?
म्हटलं, वाजू दे. तू हलवत राय.
ती म्हणे, वाजलं अन् उचललं नाही तर समोरचं माणूस काय म्हणन? घरात रीतभात नाही म्हणन.
म्हटलं, माह्या डोक्याले ताप नको देऊ.

२० जानेवारी, रात्री
डोळा चांगला आहे. ड्रॉप अजून तीन आठवडे.

बाकीचं लिहावं का नाही, विचार करून राह्यली होती. लिहिते.

अकरा वाजता कोण्यातरी शाळेचं काम अडलं. सुट्टीवरची पोरगी हिरवी दिसली म्हणून राखी मॅडमनं कॉल लावला. तुळसाबाईनं पदर सावरला अन् फोनवर दाबते तसं हिरवं दाबलं. म्हणे, राम राम मॅडम. नीलिमा डोळ्याच्या दवाखान्यात गेली, मी बदलीवर आहे.
मॅडमनं विचारलं, कधीपासून?
तुळसाबाई म्हणे, मी आजच आली जी. रोज तर भागिरथाबाईच बसतात.

बाई एक शब्द खोटं बोलली नाही. तीच पंचाईत.

वाशिमहून येता येता बसमध्येच नीलिमाच्या फोनवर मेसेज आला. वाचून तिचं तोंड उतरलं. लॅपटॉपमध्ये हजारो लेकरांची नावं आहेत, मायबापाचे नंबर आहेत. दुसऱ्यानं हात लावला तर घरी बसवतात म्हणे. मी म्हटलं, घरीच तर बसली आहे.

लॅपटॉप कंपनीनं तठूनच बंद केला. शुक्रवारी अकरा वाजता मॅडम बोलणार. आजीले बी घेऊन बस, म्हणे.

पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. रात्रीचे ड्रॉप टाकले, बरोबर डोळ्याच्या मधात, अन् झोपाले गेली.

२२ जानेवारी
मॅडमले काय सांगाचं ते लिहून काढलं. दोन पानं झाली. पहिल्या पानावर टोळीचा अनुभव, दुसऱ्यावर कंपनीनं काय सुधारलं पायजे ते. नीट ऐकलं तर मले बी ठेवून घेईन. विहारात जातानीची पांढरी साडी काढून ठेवली.

दोन दिवसांत नीलिमानं एकच विचारलं. आजी, किती दिवस हलवला?
म्हटलं, आठ-नऊ.
ती म्हणे, अन् मी तठी लिहून राह्यली होती, मी नाही.
म्हटलं, म्हणूनच तर हलवला.
ती उठून गेली.

२३ जानेवारी, शुक्रवार
झालं एकदाचं बोलणं. नीलिमाच्या फोनवर.

मॅडम तरुण आहे, संघदीपहून बी लहान. मागं कुकर होता. शिटी झाली तरी उठली नाही. मी जय भीम केला, तिनं बी केला. पहिलं पान वाचलं. तिनं पूर्ण ऐकलं, मधात तोंड घातलं नाही.

मंग म्हणे, आजी, आम्ही ठिपका कधी पाहतच नाही. या भानगडीनं पहिल्यांदा पाहावा लागला. सोळा तारखेले नीलिमा लिहिते, मी नाही. ठिपका म्हणते, आहे. आता मी कोणाचं खरं धरू? तुमच्या टोळीतली बाई बोलली एक अन् दिसलं दुसरं, तर तुम्ही काय करत होत्या?

कायदा तिसरा. संध्याकाळीच काढून टाकत होती. टोळीतल्या सुमनले अशीच काढली होती, रडत गेली, तरी घेतली नाही.

नीलिमा माह्याकडं पाहत नव्हती.

दुसरं पान वाचलं नाही. म्हटलं, पोरगी खरी आहे. खोटारडी मी आहे. काढाचं तर मले काढा.
मॅडम म्हणे, तुम्ही कामावर नाही, आजी.
मंग काहीतरी लिहून घेतलं अन् फोन बंद केला. सव्वा अकरा झाले होते.

२६ जानेवारी
शाळेत झेंडा होता. गेली नाही, गुडघे दुखतात. लोकं विचारतात म्हणून नाही.
नीलिमानं मोठी बॅग काढून उन्हात झटकली. मी विचारलं नाही. कोंबडा मोकळा सोडला. ओरडू दे किती ओरडते ते.

३० जानेवारी, शुक्रवार
साडेचार वाजता मेल आला. कायम!

संघदीपले म्हटलं, मी खरं बोलली म्हणून झालं. तो म्हणे, हो माय. अन् भिंतीकडं पायलं.

मेलच्या खाली आणखी मजकूर होता. काम दार लागणाऱ्या वेगळ्या खोलीत कराचं. लॅपटॉपले दुसऱ्याचा हात नाही. पासवर्ड नवीन. आपल्या घराले दार एक, ते बी दिवसा कोणी लावत नाही. नीलिमानं वाशिमले मैत्रिणीच्या घरात वेगळी खोली पायली. रविवारची बस.

पुण्यापेक्षा वाशिम जवळ आहे. हे बी माह्यामुळंच.

नवीन पासवर्ड काय ठेवला, विचारलं. हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. सांगतलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी
घर असं शांत आहे की मिटिंगले याच्यासारखी जागा सापडणार नाही. शिलाई मशीनवरची चादर तशीच ठेवली. लागन कधी.

संघदीप अन् सून वावरात. नीलिमा जातानी सांगून गेली, आजी, मले रोज तीन ओळी पाठवत जाय. मुकादमीन राह्यली बाजूले, मलेच हजेरी! तरी पाठवल्या. पोरीचं मन राखाले.

झालं: भाकरी. एक जास्त झाली.
राहिलं: काही नाही.
अडलं: काही नाही.

लगेच उत्तर. आजी, दुपारचे ड्रॉप?
मी लिहिलं, टाकले.
तिचं आलं, तू अर्ध्या तासापासून ऑनलाईन दिसून राह्यली. बाटली हातात घेतली कधी?

ड्रॉप टाकाले आज तुळसाबाई बी आली नाही, तिच्याकडं पाहुणे आहेत.

मंग लिहिलं: मी नाही. दहा मिनिटं.

फोन पालथा ठेवला अन् बाटली शोधाले उठली.