पाण्यातलं दहावं डोकं

रविवार, ६ मार्च १९३८
पिंगळी स्टेशनावर उतरलो तर देशमुखांची बैलांची दमणी तयारच होती. नांदेडला गोदेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवण्यात माझी दहा वर्षं गेली. या विद्येसाठी कुणी दमणी पाठवील असं स्वप्नातही नव्हतं. पोखर्णीच्या अलीकडे माळाला बांध घालून आबासाहेब देशमुखांच्या वडिलांनी हा तलाव केला. काठावर बंगला, चिंचेला झोपाळे, कपडे बदलायला राहुट्या, उडी मारायला लाकडी माची आणि दोन होड्या. पाणी इतकं स्वच्छ की दुपारीच एक फेरी मारून आलो. आबासाहेबांनी स्वतः टॉवेल पुढे केला. लाघवी माणूस.

मंगळवार, ८ मार्च
माझी मुख्य शिष्या हेमा. आबासाहेबांचे धाकटे भाऊ भुजंगराव वारले, त्यांची ही नऊ वर्षांची मुलगी. आई आधीच गेलेली. पाठीला दोन वाळके भोपळे बांधले तरी पहिल्या दिवशी माझी मान सोडीना. आज हात मारू लागली. आबासाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई काठावर खुर्ची टाकून बसतात, पण पाय भिजेल इतक्या जवळ येत नाहीत. आबासाहेबही पोहत नाहीत. होडीत बसतात, वल्ही म्हातारा मुंजाजी मारतो.

शुक्रवार, ११ मार्च
जुम्म्याची सुट्टी म्हणून परभणीहून वकील, मास्तर वगैरे नऊ पाहुणे पोहायला आले. हसणं-खिदळणं, काठावर भजी तळणं चाललं होतं. मी माचीवर लक्ष ठेवून उभा. सवयीप्रमाणे डोकी मोजली. दहा भरली. पुन्हा मोजली, दहाच. दहावं पलीकडच्या लव्हाळ्याशी होतं, नाकापर्यंत पाण्यात, केस कपाळाला चिकटलेले. ते पोहत नव्हतं, नुसतं पाहत होतं. मी शिट्टी वाजवली. पाहुणे बाहेर आले ते नऊच.
आबासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले की उन्हानं असं दिसतं, आणि हसले. मुंजाजी मात्र हातातलं वल्हं ठेवून खाली बसला.

शनिवार, १२ मार्च
मुंजाजीला गाठलं. मग म्हणाला, "ते धाकले मालक हायेत, मास्तर. तीन सालामागं शर्यत लावली हुती. धाकले मालक पोहत, आमी होडीत. ते लय फुडं गेले, मंग दमले तवा आमी गाठलं. पाहुणे टाळ्या पिटायलेत, अन् मोठे मालक मला म्हनले, वल्हं डोक्यावर ठेव अन् दाब. म्या दाबलं."
त्याचं म्हणणं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात धाकट्या मालकांना पाण्यात एक माणूस द्यावा लागतो. नाही दिला तर ते पायऱ्या चढून वर येतात. पहिल्या साली पूर्णेचा एक पोहणारा होता, गेल्या साली वसमतचा. दोघेही पोहायला शिकवायच्याच नोकरीवर आलेले.

सोमवार, १४ मार्च
आईचं दुखणं काढून रजा मागितली. आबासाहेब टरबूज खात होते. एकेक बी काढून बशीत ठेवत शांतपणे म्हणाले, "जा की. पण मंग शुक्रवारी हेमाला उतरावं लागंल. बापाकडं लेक जाईल, त्यात वाईट काय?"
मला एक फोडही दिली. मी ती खाल्ली. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

मंगळवार, १५ मार्च
सकाळीच हेमाला घेऊन शेतातून पिंगळीची वाट धरली. कोसभर गेलो नाही तोच देशमुखांचे दोन घोडेस्वार आडवे आले. मला मारलं नाही. हेमाच्या तळपायांवर वेताच्या छड्या मारल्या आणि मला मोजायला लावल्या. बारा.
आता ती पार्वतीबाईंच्या खोलीत असते.

गुरुवार, १७ मार्च
मुंजाजीशी बोललो. आबासाहेबांना मधोमध नेऊन होडी उलटी करायची. तो चटकन हो म्हणाला. त्याला पोहता येत नाही, हे त्यानं नंतर सांगितलं. तरी मी बेत बदलला नाही.

शुक्रवार, १८ मार्च, संध्याकाळी
झालं. पाहुणे काठावर होते. मी पळालो म्हणून हेमालाही उतरवायला लावलं; मी तिला घट्ट धरून छातीभर पाण्यात. मुंजाजी उभा राहिला आणि एका बाजूला कलला. होडी पालथी. तो वर आलाच नाही. आबासाहेब आले. मला हाक मारली, मास्तर म्हणून नाही, बन्सीधर म्हणून. दोनदा. तीस हात अंतर. मला दहा श्वासही लागले नसते.
मी हेमाचे डोळे झाकून उभा राहिलो.
मग लव्हाळ्याकडून पाणी हललं आणि आबासाहेब खाली ओढले गेले. पाहुणे पळाले. पार्वतीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. उद्या पाटील पंचनाम्याला येतील, तोवर मला थांबायला सांगितलंय. तो झाला की हेमाला नांदेडला नेईन. आईला नात हवीच होती.

शनिवार, १९ मार्च, सकाळी
आबासाहेब परत आलेत.
पायऱ्या चढून. ओसरीवर बसलेत, अंगातून पाणी गळतंय, थांबत नाही. पापणी लवत नाही. अंग आबासाहेबांचं, पण हेमाला हाक मारली "चिमणे" म्हणून. ती धावत गेली. मला म्हणाली की चिमणी फक्त बाबाच म्हणायचे—
मी तिचा हात त्यांच्या हातातून सोडवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लव्हाळ्यातली तीच नजर.

त्याच दिवशी, दुपारी
हेमाला जेवायला म्हणून नेलं आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी. पार्वतीबाईंनी घातली. दारापलीकडून म्हणाल्या, "लेक न्यायला आलेत, मास्तर. नेऊ द्या. मंग तरी आमचं घर सोडतील."
दार हलत नाही. खांदा सुजला. खिडकीला लोखंडी गज.
पाटलांचा पत्ता नाही—

दिसतायत. दोघं पायऱ्यांवर. तिचं बोट त्यांच्या हातात. लंगडतेय, पण हसतेय—
गुडघ्यापर्यंत.
कमरेपर्यंत. अजून तिचे पाय टेकतात. पुढे तळ एकदम खोल, तिला माहीत नाही, मी कधी सांगितलंच—
ओरडलो. घसा फाटेपर्यंत. गजांतून दोन्ही हात काढून हलवले, माघारी ये म्हणून.
तिनं वळून पाहिलं. तिनंही हात हलवला. तिला वाटलं मी शाबासकी देतोय, ती आणखी पुढे—