हिंगणघाटहून परत आलेली पत्रिका

मंगळवार, संध्याकाळ. सिंदी मेघे.

ताईने पत्रिका परत पाठवली. सख्ख्या बहिणीने, माझ्या मुलीच्या, तिच्या भाचीच्या लग्नाची! पाकिटावर पोस्टमनच्या अक्षरात ‘घेण्यास नकार’, आणि कमी पडलेल्या तिकिटाचे दुप्पट पैसे शेवटी मलाच भरावे लागले.

चूक कशी झाली ते आता कळलं. पोस्टात मी नुसती पत्रिका तोलून घेतली आणि तेवढीच तिकिटं आणली. घरी बायकोने प्रत्येक पाकिटात अक्षतांची पुडी घातली. चिमूटभर तांदूळ. त्यानं वजन वाढेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

हेच सांगायला ताईला फोन केला.

“तांदूळ राहू दे,” ती म्हणाली. “पोस्टमन सुनेसमोर मले पैसे मागून राह्यला होता. गणपतीले पत्रिका द्यायले केळझरले सोता गेलता ना तू? मंग मले काऊन टपालानं?”

मी उन्हाचं कारण सांगितलं. उन्हाचं! केळझरला काय सावली होती? दिवाळीत भांडताना माझ्या तोंडून नको ते गेलं, म्हणून तिच्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती. देव काही विचारत नाही, त्याच्याकडे जाणं सोपं.

पुडी फुटलीय. पाकीट हलवलं की आत तांदूळ खुळखुळतात. सारखा हलवतोय.

बायको म्हणाली, “उद्या पूर्ण तिकीट लावून पुन्हा टाका.”

मी ‘बरं’ म्हटलं. हिंगणघाटला दिवसभर बस आहेत, तरी ‘बरं’ म्हटलं.