हर्शलचे केस आणि ईस्टरचा हौद

प्रिय डेलबर्टदादा,

तुझ्या धाकट्या ओपलचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा कसा आहे? लाव्हर्नवहिनीची ढास थांबली का? (नसेल तर कांद्याचा रस आणि मध दे, डॉक्टरच्या नादी लागू नका.) इकडे सगळे बरे आहेत. मी एकटी बरी नाही, म्हणून तर लिहायला बसले.

तुला ठाऊकच आहे, लग्न झाल्यापासून देवाकडे माझं एकच मागणं: हर्शलनं बाप्तिस्मा घ्यावा. माणूस सोन्यासारखा आहे रे! दर रविवारी मला चर्चच्या दारापर्यंत सोडतो आणि स्वतः आवारात गाडीत बसून रेडिओवर दुसऱ्याच कुठल्यातरी चर्चचं प्रवचन ऐकतो. आत मी डोळ्यांतून पाणी काढून प्रार्थना करणार, बाहेर हा शेंगा फोडणार. आणि मध्यंतरी आमची नात मेरिबेथ त्याच्या मांडीवर चढून म्हणाली, "आजोबा, ईस्टरला माझा बाप्तिस्मा आहे. चर्चमधल्या त्या हौदात डोक्यासकट बुडवतात, मला भीती वाटते. तुम्ही पण उतरा ना माझ्याबरोबर!" आणि हा चक्क 'बरं' म्हणाला. मी आनंदाच्या भरात पार्लरमध्ये बोलून गेले. आता माझ्या पार्लरमध्ये बोलणं म्हणजे गावात दवंडी पिटणंच. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाचे केक यायला लागले.

केक खाऊन झाले आणि हर्शलनं शब्द फिरवला. आधी सर्दी झाली म्हणे, मग पाठीत चमक भरली. शेवटी आमचे नवे पाळक, ब्रदर लोवेल (कोवळं पोर आहे, पण मनानं फार चांगलं), समजूत घालायला थेट पार्लरमध्येच आले. शुक्रवार होता. रविवारसाठी केस बसवून घ्यायला अर्धी मंडळी माझ्याकडे ड्रायरखाली बसलेली. "हर्शलकाका, मनात कसली शंका आहे?" "देवाबद्दल काही नाही हो, पाण्याचं अवघड वाटतं." पाळकांना वाटलं, याला पोहता येत नाही. म्हणाले, मी घट्ट धरीन. बायकांनी ड्रायर वर सारून कान टवकारले, आणि म्हातारी झेल्मा (ती कधी गप्प बसली आहे?) ओरडली, "अहो, कमरेला ट्यूब बांधा त्याच्या!" तेव्हा हर्शल लालबुंद झाला आणि त्यानं स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "बाई, मी बुडायला घाबरत नाही. हे बुडेल ना!"

दादा, ड्रायरखालच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. डाव्या कानावरचे केस वाढवून, टकलावरून आडवे नेऊन, उजव्या कानापाशी स्प्रेनं चिकटवायची ती कारागिरी माझीच. रोज सकाळी कॉफी झाली की मी त्याला खुर्चीत बसवते. इतकी वर्षं देवाला विचारत होते, याचं मन असं कठीण का केलंस. देव बिचारा काय सांगणार? "बाई, आधी तो स्प्रेचा डबा खाली ठेव!"

तू म्हणशील, मी मागच्या सणाला टर्की कापता कापता सांगितलं होतं, काढून टाक ते सगळं. सांगितलं होतंस. पण हे केस काळेभोर होते तेव्हा तू सैन्यात होतास. मी आईच्या स्वयंपाकघरात साखरेच्या पाण्यानं शेजारणींचे केस बसवायची, आणि हा आपलं छप्पर दुरुस्त करायला आला होता. कपाळावर सारखी झुलपं यायची. हातातल्या हातोडीसकट ती मागे सारायला गेला आणि कपाळावर टेंगूळ आणलं. मी बर्फ धरला. लग्न तिथंच ठरलं म्हण ना. पार्लरमधल्या त्या प्रकारानंतर, शनिवारी मी कात्री घेतली, त्यानंही निमूट मान खाली घातली. गावातली निम्मी डोकी या हातांनी कापली रे, पण या केसांना कात्री लावताना हातच चालेना. आई गेली, ते घर विकलं, त्या छपराखाली आता परकी माणसं राहतात. त्या दिवसातलं उरलंय ते एवढंच. मी कात्री ठेवली आणि आत जाऊन रडले.

म्हणून म्हणते, ईस्टरला दोघंही या. हॅम करते, आणि तुला आवडतात तशी भरली अंडी.

तुझी,
ओपल

ता. क. : येताना तुझं केस कापायचं मशीन आण. हर्शलला कळू देऊ नकोस. तू धंद्याचा न्हावी, तुझा हात अडायचा नाही. तेवढा वेळ मी परसात कोंबड्यांना दाणे टाकत बसेन.

ता. क. २ : मशीन राहू दे. पत्र पोस्टात टाकायला हर्शलकडेच दिलं, आणि पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. वाचून परत घेऊन आला. म्हणतो, "कापायचं काही नाही. तू एवढं रोज मन लावून करतेस, मी आहे तसाच पाण्यात उतरतो. लोक हसले तर हसू देत." मेरिबेथलाही फोन करून सांगितलंन.

ता. क. ३ : तो हसू देईल, मी देणार नाही. तेव्हा तू ये म्हणजे येच, आणि पहिल्या बाकावर बस. आपल्या घराण्यात तुझ्याएवढा आवाज कुणाचा नाही. हर्शलचं डोकं पाण्याबाहेर आलं रे आलं की उभा राहा आणि गीत सुरू कर, सगळ्यांना उठव. गात असताना माणसाला हसता येत नाही. सगळी कडवी म्हण, आणि सावकाश म्हण. हौदाशेजारच्या पडद्यामागे मी कंगवा घेऊन उभी असेन.