पुढच्या कपाटातला निकाल

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आठ महिने मी तुझा फोन उचलला नाही, सोशल मीडियावरचं खातंही बंद केलं, म्हणून आता कागदाशिवाय वाट उरली नाही.

कोर्टाच्या ग्रंथालयात मी अजून त्याच टेबलाशी बसते. वकील जुना निकाल घेऊन येतात, तो अजून चालतो का विचारतात, आणि पुढे वरच्या कोर्टानं तो फिरवलाय का ते मी शोधून सांगते. तेवीस वर्षं हेच. आई मात्र लोकांना सांगते की धाकटी वकील आहे आणि मोठी नुसती पुस्तकं लावते. जशी काही मी भांडीच लावते.

लोकांना कायदा समजावणारा तुझा पहिला व्हिडिओ माझ्याच स्वयंपाकघरात झाला, आठवतं? साखरेच्या डब्याला फोन टेकवून. त्यानंतर प्रत्येक व्हिडिओआधी तुझा मेसेज यायचा, 'ताई, बघ ना जरा.' मी डबा खाता खाता निकाल तपासायचे. कितीदा तुला तोंडघशी पडण्यापासून वाचवलं, मोजलं नाही. मग त्या लाइव्हमध्ये कुणीतरी विचारलं, तुम्हाला मदत कोण करतं? तू हसून म्हणालीस, 'कोण करणार? मी आणि माझा लॅपटॉप!' मी तेव्हा बघत होते गं. खाली कॉमेंटमध्ये आधीच लाल बदाम टाकून बसले होते.

खातं बंद केल्यावर शांत वाटतं म्हणतात. डोंबलाचं शांत! ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी तुझं पान उघडायचे, चोरासारखी.

राहत्या घरातून विधवेला हलवता येत नाही, हा तुझा व्हिडिओ तिथेच पाहिला. मला न विचारता केलेला पहिला. तू दाखवलेला निकाल गेल्याच वर्षी फिरवला गेलाय, हे मला पहिल्या मिनिटात कळलं. आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. कुणीतरी वकील खाली कॉमेंटमध्ये तुझी खरडपट्टी काढेल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. कुणी काढली नाही. हजारोंनी शाबासकी दिली.

मग एक बाई आली. शाळेत शिवण शिकवते, नवरा गेलेला, दीर घर रिकामं करायला सांगतोय, वकील नाही. फोनवर तुझा व्हिडिओ दाखवून म्हणाली, या मॅडम किती छान समजावतात हो, मला एवढा निकाल द्या. आम्ही सल्ला देत नाही, असा नियम आहे. पण निकाल फिरवलाय हे सांगणं म्हणजे सल्ला नव्हे, ते तर माझं कामच. कुठल्याही वकिलाला मी सांगितलं असतं. तिला मात्र निमूट प्रत काढून दिली, वर शिक्काही मारला. नवा निकाल पुढच्याच कपाटात होता, चार पावलांवर. मला एवढंच दिसत होतं की ही कोर्टात तुझं नाव घेईल आणि तुझी शोभा होईल.

काही महिन्यांनी, या मंगळवारी ती परत आली. दिरानं मागच्या दोन खोल्या तिला हयातभर देऊ केल्या होत्या. तिनं नाही म्हटलं, कारण हातात आपल्या दोघींचा कागद होता. कोर्टानं तिचं प्रकरण दहा मिनिटांत निकाली काढलं. आता ती लेकीकडे बाहेरच्या खोलीत झोपते. ती माझ्यावर चिडली नाही, तुझ्यावरही नाही. म्हणाली, त्या मॅडमची ओळख असेल तर कळवा हो, बिचाऱ्यांना माहीत नसेल, दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको. तिनं सांगितलं म्हणून हे पत्र. तो व्हिडिओ आजच काढ. तुला माहीत नव्हतं. मला होतं, आणि ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझीच, तुला चालत असेल तर,
ताई